सहा टक्के फॉस्फेटचा हिशेब: ४५एस५ या जैवसक्रिय काचेचं प्रकरण

शंभर ग्रॅम ४५एस५, म्हणजे शरीरात हाडाला धरून बसणारी जैवसक्रिय काच, करायची तर वजनकाट्यावर काय काय ठेवावं लागतं ते आधी बघू. शुद्ध वाळू, म्हणजे सिलिका, ४५ ग्रॅम. सोडियम कार्बोनेट ४१.९ ग्रॅम, कारण त्यातून २४.५ ग्रॅमच सोडियम ऑक्साइड उरतं. कॅल्शियम कार्बोनेट ४३.७ ग्रॅम, त्यातून कॅल्शियम ऑक्साइडही २४.५ ग्रॅम. आणि फॉस्फरस पेंटॉक्साइड ६ ग्रॅम. एकूण १३६.६ ग्रॅम मिश्रण प्लॅटिनमच्या मुशीत घालून साधारण १३५० अंश सेल्सिअसला वितळवलं, की ३६.६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांच्या रूपाने निघून जातो आणि शंभर ग्रॅम काच हाती येते. यातला शेवटचा घटक सगळ्यात छोटा आणि सगळ्यात त्रासदायक. फॉस्फरस पेंटॉक्साइड हवेतलं पाणी इतक्या हावरेपणाने ओढतं, की दमट हवेत तोलता तोलताच त्याचे गोळे होतात आणि काट्यावरचा आकडा चढत राहतो. म्हणून बरेच जण त्याऐवजी कॅल्शियम फॉस्फेट किंवा अमोनियम फॉस्फेट वापरतात.

प्रश्न या सहा ग्रॅमांचा आहे; काचेत ते फॉस्फेट म्हणून राहतात. खिडकीच्या काचेत फॉस्फेट नसतं, बाटलीच्या काचेतही नसतं. मग इथे ते कशाला घातलं, काचेत गेल्यावर ते कुठे बसतं, आणि कमी-जास्त केलं तर नेमकं काय बदलतं? फॉस्फेट घातल्याने सिलिकेट काचेचं काय होतं, याची उत्तरं वाचायला गेलं तर एकमेकांना छेद देणारी सापडतात. कुणी म्हणतं काच लवकर विरघळते, कुणी म्हणतं उशिरा. दोघंही खरं बोलत असतात. असं कसं, ते या एका काचेवरून चांगलं उलगडतं.

सहा टक्के आले कुठून

१९६७ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठातले काच-सिरॅमिक्सचे अभ्यासक लॅरी हेंच लष्कराच्या एका पदार्थ-संशोधन परिषदेला बसने निघाले होते. शेजारी व्हिएतनामहून नुकताच परतलेला एक कर्नल बसला होता. हेंच यांचं काम तेव्हा किरणोत्साराला टिकणाऱ्या पदार्थांवर चाललं होतं. कर्नलने विचारलं, की माणसाच्या शरीरात टिकेल असं काही करता येईल का? रणांगणावर जखमींचे हात-पाय कापावे लागत होते, कारण धातू किंवा प्लास्टिकचा तुकडा आत बसवला की शरीर त्याच्याभोवती तंतूंचं वेष्टण करून त्याला परकं ठरवत होतं.

हेंच यांचा तर्क सरळ होता. हाडातलं खनिज हायड्रॉक्सिॲपेटाइट, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेट. शरीरात गेल्यावर पृष्ठभागावर तसाच थर धरणारी काच केली तर हाड तिला परकं मानणार नाही. त्यांनी सोडियम, कॅल्शियम आणि सिलिका यांचं सहज वितळणारं प्रमाण निवडलं आणि हाडाच्या खनिजाची नक्कल म्हणून त्यात सहा टक्के फॉस्फेट टाकलं. १९६९ मध्ये डॉ. टेड ग्रीनली यांनी ही काच उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवली. सहा आठवड्यांनी पाहिलं तर तुकडे हाडातून निघेचनात. १९७१ मध्ये शोधनिबंध आला आणि जैवसक्रिय काच नावाचं क्षेत्रच उभं राहिलं.

पुढे हेंच यांनी इतर घटक बदलत कुठल्या प्रमाणाची काच हाडाला धरते याचा नकाशा तयार केला, पण त्या नकाशावर फॉस्फेट बहुतेक सहा टक्क्यांवरच ठेवलं होतं. हे मला या गोष्टीतलं सगळ्यात खटकणारं ठिकाण वाटतं. ज्या घटकासाठी एवढा तर्क लढवला, तोच बदलून पाहायचा राहिला. मग १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमधल्या क्योटोच्या संशोधकांनी फॉस्फेट अजिबात नसलेली, नुसती कॅल्शियम-सिलिका काच हाडात बसवून दाखवली, आणि तीही हाडाला धरून बसली. ॲपेटाइटला लागणारं फॉस्फेट तिने शरीरातल्या द्रवातून घेतलं होतं.

म्हणजे हाडाशी नातं जुळायला काचेत फॉस्फेट असलंच पाहिजे असं नाही. पण म्हणून ते सहा ग्रॅम रिकामे बसलेले नाहीत. ज्या कामासाठी नेमले त्याहून वेगळं काम ते करत होते.

फॉस्फेट कुठे बसतं

सिलिकेट काचेत प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन असतात. शुद्ध सिलिकात हे चारही ऑक्सिजन शेजारच्या सिलिकॉनशी वाटून घेतलेले असतात, त्यामुळे जाळं घट्ट असतं. सोडियम-कॅल्शियम घातलं की यातले काही पूल तुटतात. तुटलेल्या टोकाचा ऑक्सिजन ऋणभारित होतो आणि त्याच्याजवळ सोडियम किंवा कॅल्शियम जाऊन बसतं. चारपैकी किती पूल शाबूत आहेत त्यावरून सिलिकॉनला क्यू-४, क्यू-३, क्यू-२ अशी नावं देतात. ४५एस५ मध्ये बहुतेक सिलिकॉन क्यू-२ आहेत, बाकीचे मुख्यतः क्यू-३. म्हणजे जाळं असं फारसं नाहीच, साखळ्या आहेत आणि त्यांना अधूनमधून एखादा आडवा जोड. अशी काच पाण्यात सहज सुटते, आणि तिच्या जैवसक्रियतेचं मूळ तिथेच आहे.

फॉस्फरसही चार ऑक्सिजनांत राहणारा. तेव्हा तोही या साखळ्यांत सिलिकॉनशेजारी गुंफला जात असेल असं वाटणं स्वाभाविक होतं. संगणकावरच्या सुरुवातीच्या अनुकरणांनी त्याला दुजोराही दिला. त्यांत सिलिकॉन-ऑक्सिजन-फॉस्फरस असे जोड बऱ्यापैकी दिसत. पण संगणकातली काच सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागात थंड केलेली असते, खऱ्या मुशीतल्या काचेपेक्षा अब्जावधी पट वेगाने. अणूंना आपली आवडती जागा शोधायला वेळच मिळत नाही.

प्रत्यक्ष काचेवर एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात अणूंचे संकेत टिपून त्यांचे शेजारी ओळखायचं तंत्र) लावला की चित्र वेगळं दिसतं. फॉस्फरसचा संकेत जवळजवळ पूर्ण ऑर्थोफॉस्फेटचा येतो. म्हणजे एक फॉस्फरस, चार ऑक्सिजन, आणि कुणाशीही पूल नाही. ऑक्सिजनचा एनएमआरही सिलिकॉन आणि फॉस्फरसमधला पूल दाखवत नाही. फार तर काही टक्के फॉस्फरस एका पुलाने कशाशी तरी जोडलेला असावा, त्यावर थोडा वाद अजून आहे. त्या संकेताची जागाही बोलकी आहे. निव्वळ सोडियम ऑर्थोफॉस्फेटचा संकेत १४ पीपीएमच्या (संकेताची जागा मोजायचं एकक) आसपास येतो, अस्फटिकी कॅल्शियम फॉस्फेटचा ३ च्या आसपास, आणि ४५एस५ चा ८ ते ९. म्हणजे फॉस्फेटने आपल्याभोवती सोडियम आणि कॅल्शियम दोन्ही घेतलेत.

सोडियम-कॅल्शियमसारखे घटक मुळीच नसलेल्या काचेत मात्र फॉस्फरस वेगळा वागतो. ऑप्टिकल फायबरच्या गाभ्यात किंवा संगणकाच्या चिपवरच्या काचेच्या थरात सिलिकात थोडा फॉस्फरस घालतात, तिथे तो खरोखर जाळ्यात शिरतो, तीन पूल बांधतो आणि चौथा ऑक्सिजन दुहेरी बंधाने स्वतःकडे ठेवतो. त्याने काच कमी तापमानाला वाहू लागते. तेव्हा ‘फॉस्फेट काचेत काय करतं’ या प्रश्नाला शेजारी कोण आहे हे सांगितल्याशिवाय उत्तर नाही.

हिशेब

४५एस५ मध्ये फॉस्फेट जुन्या वळणाच्या जावयासारखं वागतं. घरात राहतं, घरचं होत नाही, आणि त्याचा मान आधी ठेवावा लागतो. हा मान किती, ते मोजता येतं. ऑर्थोफॉस्फेटवर तीन ऋणभार असतात. फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या एका रेणूतून दोन ऑर्थोफॉस्फेट होतात, म्हणजे सहा ऋणभार, आणि ते भागवायला सोडियम किंवा कॅल्शियम ऑक्साइडचे तीन रेणू लागतात. फॉस्फेट सिलिकेटपेक्षा जास्त आम्लधर्मी, त्यामुळे पहिला हक्क त्याचाच. तीन रेणू तिकडे गेले की सिलिकेटची सहा तुटलेली टोकं वाऱ्यावर पडतात आणि ती एकमेकांशी जुळून तीन नवे पूल होतात. फॉस्फेट जाळ्यात न शिरताही जाळं घट्ट करतं, ते असं.

आता आकडे. वजनाचे टक्के इथे फसवतात, म्हणून रेणूंच्या टक्क्यांत बोलू. ४५एस५ म्हणजे सिलिका ४६.१, सोडियम ऑक्साइड २४.४, कॅल्शियम ऑक्साइड २६.९ आणि फॉस्फरस पेंटॉक्साइड फक्त २.६. सोडियम-कॅल्शियम मिळून ५१.३. त्यातले २.६ गुणिले ३, म्हणजे ७.८ फॉस्फेटने घेतले. जवळजवळ १५ टक्के. उरले ४३.५. प्रत्येक रेणूमागे दोन तुटकी टोकं, म्हणजे ८७ टोकं, ४६.१ सिलिकॉनांत वाटलेली. दर सिलिकॉनमागे १.८९. चारातून वजा केले की सरासरी २.११ पूल उरतात. यालाच नेटवर्क कनेक्टिव्हिटी म्हणतात.

फॉस्फेट घातलंच नसतं आणि बाकी सगळं तेच ठेवलं असतं तर? चार वजा १०२.६ भागिले ४६.१, म्हणजे १.७७. दोनाच्या बऱ्यापैकी खाली. साखळ्याही तुटून तुकडे झालेली, वितळ थंड होताना स्फटिक धरायला टपलेली काच. आणि फॉस्फरस जाळ्यात गुंफला जातो असं धरून गणित केलं तर उत्तर १.९० येतं. जुन्या लेखांत हा १.९ चा आकडा अजून भेटतो. तो कुठून आला हे माहीत असलेलं बरं.

आता फॉस्फेट दुप्पट करू, २.६ चं ५.२, बाकी काही न हलवता. फॉस्फेट १५.६ खाणार, सिलिकेटला ३५.७ उरणार, आणि कनेक्टिव्हिटी २.४५ होणार. तिप्पट केलं तर २.७९. हा आकडा कुठे नेतो ते समजायला दोन खुणा पुरतील. फिनलंडमध्ये विकसित झालेली आणि हाडांच्या पोकळ्या भरायला वापरली जाणारी एस५३पी४ काच याच गणिताने २.५४ ला येते. ती जैवसक्रिय आहे, पण ४५एस५ पेक्षा सावकाश चालते. आणि हेंच यांच्या नकाशावर वजनाने ६० टक्के सिलिकाच्या पुढे काच हाडाला धरत नाही. सोडियम-कॅल्शियम समसमान धरून त्या सीमेवरची काच ३.१ च्या आसपास येते. म्हणजे ‘जैवसक्रियता वाढावी’ म्हणून नुसतंच फॉस्फेट ओतत गेलं तर काच त्या सीमेकडेच सरकते.

यातली गंमत अशी, की दुप्पट फॉस्फेटसाठी जागा सिलिकाकडून घेतली, ४६.१ चं ४३.५ केलं, तरी कनेक्टिव्हिटी २.३६ येते. जाळं बांधणारा घटक कमी केला आणि जाळं घट्ट झालं! हिशेब पाहिल्याशिवाय यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

तिसरा मार्ग म्हणजे फॉस्फेटबरोबर त्याची शिदोरीही देणं. जादा २.६ फॉस्फेटबरोबर ७.८ सोडियम-कॅल्शियमही घातलं की सिलिकेटला पूर्वीइतकंच उरतं आणि आकडा २.११ वरच राहतो.

दोन मालिका

नेमका हाच फरक लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात रॉबर्ट हिल आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष काचा वितळवून तपासला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात काचांच्या दोन मालिका होत्या. एकीत फॉस्फेट वाढवलं, शिदोरी दिली नाही. दुसरीत शिदोरीसह वाढवलं. एनएमआरमध्ये दोन्हीकडे फॉस्फरस ऑर्थोफॉस्फेट म्हणूनच दिसला. पण पहिल्या मालिकेत क्यू-३ सिलिकॉनांचा वाटा वाढत गेला, आणि दुसरीत सिलिकेटची रचना जवळपास जागच्या जागी राहिली.

माझ्या मते या विषयातला कुठलाही लेख वाचताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा: फॉस्फेट वाढवलं तेव्हा बदल्यात काय कमी केलं? टक्क्यांची बेरीज शंभरच असते, काही ना काही मागे हटतंच. काच सावकाश विरघळली की जलद, मऊ पडायचं तापमान चढलं की उतरलं, याचं श्रेय किंवा खापर सरसकट फॉस्फेटवर टाकणारे लेख मुळात कनेक्टिव्हिटीचा परिणाम मोजत असतात. परस्परविरुद्ध निष्कर्षांतले बरेच यातूनच आलेत.

एक मर्यादा सांगायला हवी. वरचं सगळं गणित सारं फॉस्फेट ऑर्थो आहे यावर उभं आहे. सोडियम-कॅल्शियम फारच अपुरं पडलं की दोन फॉस्फेट एक ऑक्सिजन वाटून घेतात आणि पायरोफॉस्फेट होतं. ते फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या रेणूमागे तिनाऐवजी दोनच रेणू मागतं. त्यामुळे तिप्पटीच्या टोकाला २.७९ हा आकडा थोडा फुगलेला असू शकतो.

द्रवात गेल्यावर

काच पाण्यात पडली की पहिल्यांदा सोडियम बाहेर आणि हायड्रोजन आत अशी अदलाबदल होते. पीएच चढतो, सिलिकेटचे पूल तुटतात, पृष्ठभागावर सिलिकाचा जेलसारखा थर उरतो, आणि त्यावर कॅल्शियम-फॉस्फेट साचून पुढे ॲपेटाइटचे स्फटिक होतात. ऑर्थोफॉस्फेट कशाला जोडलेलं नसल्यामुळे बाहेर पडायला त्याला कुठलाही पूल तोडावा लागत नाही.

मग फॉस्फेटविना काच चालते तर फॉस्फेटची काच वेगळं काय करते? प्रयोगशाळेत शरीरद्रवाची नक्कल म्हणून जे द्रावण वापरतात, त्यात लिटरमागे फॉस्फेट १ मिलिमोल आणि कॅल्शियम २.५ मिलिमोल असतं, रक्तद्रवासारखंच. त्यात लिटरला दीड ग्रॅम ४५एस५ ची पूड टाकली असं धरू. पूर्ण विरघळली तर ती ६.५ मिलिमोल कॅल्शियम आणि १.३ मिलिमोलच्या आसपास फॉस्फेट देते. एकूण कॅल्शियम ९, फॉस्फेट २.३. ॲपेटाइटमध्ये हे गुणोत्तर १.६७ असतं, म्हणजे ९ कॅल्शियमला साधारण ५.४ फॉस्फेट हवं. आहे ते त्याच्या निम्म्यालाही पुरत नाही! टंचाई फॉस्फेटची आहे. उरलेलं कॅल्शियम कार्बोनेट पकडून कॅल्साइट होऊ शकतं, आणि द्रावणाच्या मानाने पूड जास्त झाली की तसं घडतंही. ॲपेटाइट शोधायला निघालेल्याच्या हाती खडू लागतो.

शरीरात द्रव वाहता असतो, फॉस्फेट येत राहतं, म्हणून क्योटोची काच हाडात यशस्वी झाली. बंद बाटलीत किंवा फॉस्फेट नसलेल्या द्रावणात काचेने आपलं फॉस्फेट सोबत आणलेलं असणं निर्णायक ठरतं. एकाच काचेचे बाटलीतले आणि उंदरातले निकाल जुळत नाहीत, त्यामागे अनेकदा हेही कारण असतं.

भट्टीत परत

४५एस५ चं एक जुनं दुखणं म्हणजे तिची पूड भाजून सच्छिद्र साचे करणं अवघड जातं. ती ५५० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. कण एकमेकांना चिकटून सांधले जाण्याआधीच सोडियम-कॅल्शियम सिलिकेटचे स्फटिक धरू लागतात आणि काचेचं वाहणं थांबतं. त्याच सुमारास फॉस्फेट आपला अलिप्त स्वभाव दाखवतं. स्फटिक धरण्याच्या थोडं आधी काच आतल्या आत दोन काचांत फुटते, एक सिलिकेटने भरलेली, दुसरी फॉस्फेटने. आणखी तापवत ८०० अंशांच्या आसपास नेलं की फॉस्फेटवालं वेगळं स्फटिक दिसू लागतं. युरोपातल्या जुन्या कारागिरांनी हाडांची राख घालून दुधी काच केली, तिच्या पांढरेपणामागेही असंच वेगळं पडलेलं, प्रकाश विखुरणारं फॉस्फेट आहे. भाजण्याचा हा प्रश्न सोडवायला पुढे पोटॅशियम-मॅग्नेशियम घातलेल्या १३-९३ सारख्या काचा आल्या. त्यांत फॉस्फेट चार टक्के आहे.

टूथपेस्टमध्ये

थंड पाणी लागलं की दातांत कळ उठणाऱ्यांसाठीच्या काही टूथपेस्टच्या वेष्टनावर ‘कॅल्शियम सोडियम फॉस्फोसिलिकेट’ अशी ओळ असते. ती हीच ४५एस५, बारीक दळलेली. नोव्हामिन या नावाने ती दातांसाठी आली आणि २००९ साली ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने ती कंपनी विकत घेतली. काम तेच, फक्त हाडाऐवजी दाताच्या उघड्या पडलेल्या सूक्ष्म नळ्या ॲपेटाइटने बुजवायच्या.

इथे मात्र सहा टक्क्यांवर थांबायचं कारण उरत नाही. तोंडात काचेला थोडा वेळ मिळतो, चूळ भरली की संपलं. हिल पुढे लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात गेले. तिथे डेलिया ब्रावर आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी २०११ मध्ये फ्लोराइड असलेल्या आणि फॉस्फेट वाढवलेल्या काचा तपासल्या. शिदोरी देऊन, म्हणजे सिलिकेटची जोडणी न बिघडवता, फॉस्फेट वाढवलं होतं. ॲपेटाइट कितीतरी लवकर तयार झालं, आणि फ्लोराइडमुळे ते आम्लाला अधिक टिकणारं फ्लोरॲपेटाइट होतं. द्रावणाचा पीएचही कमी चढला. याच धाग्यातून बायोमिन हे टूथपेस्टचं नाव पुढे आलं.

पण या वाटेलाही टोक आहे. सिलिकेट काच फॉस्फेटला एका प्रमाणापलीकडे सामावून घेत नाही. शिदोरी कितीही दिली, तरी त्यापुढे ओतलेली काच थंड होतानाच गढूळ होते. फ्लोराइड असेल तर त्या गढूळपणात फ्लोरॲपेटाइटचे स्फटिक आधीच तयार असतात, आणि जे फॉस्फेट तोंडात सुटायला हवं होतं ते भट्टीशेजारीच खर्ची पडतं.